मोठ्यांनी करायचा किल्ला: चिखलात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

कोणी चांगला केक करायला लागलं की चार दिवसांत कोणीतरी म्हणतंच, "अगं, ऑर्डरी घे की." चित्रं काढणाऱ्याला पेज सुरू करायला सांगतात, बासरी वाजवणाऱ्याला क्लास काढायला, गच्चीत झाडं लावणाऱ्याला रोपं विकायला. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या दिवसापासून हात जरा जपून चालायला लागतो. फसलं तर, लोकांना आवडलं नाही तर, असले हिशेब सुरू होतात.

दिवाळीचा मातीचा किल्ला या सगळ्यातून सुटलेला आहे. तो विकता येत नाही, उचलून नेता येत नाही, बायोडेटात लिहिता येत नाही, आणि तुळशीचं लग्न लागलं की मोडावा लागतो. मोठ्या माणसांनी तो करावा याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण. ज्याचं पुढे काहीच होणार नाही, त्यात वाटेल ते करून बघता येतं.

आपल्याकडे हा उद्योग साधारण आठवी-नववीत सुटतो. मग दहावी येते, पुढे नोकरी येते, आणि घरात मूल आलं की पुन्हा चिखलात हात जातो, तोही "त्याच्यासाठी म्हणून". हा लेख अशांसाठी आहे ज्यांना कोणाच्याही नावाखाली न लपता स्वतःसाठी किल्ला करायचाय, किंवा ज्यांनी तो आजवर फक्त शेजारच्या अंगणात पाहिलाय. एक शनिवार-रविवार आणि नंतर रोज अर्धा तास, एवढाच वेळ लागतो.

आधी थोडं पथ्य

पहिल्या वर्षी स्पर्धेत नाव देऊ नका. अनेक शहरांत मंडळं आणि संस्था किल्ल्यांच्या स्पर्धा घेतात, मुलांना त्यातून इतिहास कळतो, चांगलंच आहे. पण परीक्षक येणार म्हटलं की माणूस ओळखीचा किल्ला निवडतो, माहितीचा फलक रंगवतो आणि माती सारवून गुळगुळीत करतो. तुम्हाला गुळगुळीत किल्ला नकोय.

दुसरं, करताना व्हिडिओ काढू नका. तसे चिखलाचे हात मोबाईलला लावता येत नाहीतच, पण घरातल्या कोणाला तरी "जरा काढ गं" म्हणायचा मोह होतो. कॅमेरा समोर आला की पाडापाडी थांबते, आणि किल्ल्यातली निम्मी मजा पाडून पुन्हा करण्यात आहे. सगळं झाल्यावर एखादा फोटो काढायला हरकत नाही.

बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. त्यांच्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तो किल्ला दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो.

आणि खर्चाला मर्यादा घाला. पाचशे रुपये ठरवा, दोनशे ठरवा, पण ठरवा. पैसे संपले की डोकं चालायला लागतं. तटाच्या आतल्या घरांना आगपेट्या चालतात, बुरुजाला औषधाच्या बाटलीचं झाकण, तलावाला फुटक्या आरशाचा तुकडा.

जागा

अंगण असेल तर प्रश्नच नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे गॅलरी, गच्ची आणि पार्किंगचा कोपरा एवढेच पर्याय असतात. गच्ची किंवा पार्किंग वापरायचं तर सेक्रेटरींना आधी विचारा. नंतर विचारलं की नियम निघतात, आधी विचारलं की बहुतेक वेळा जुन्या आठवणी निघतात.

गॅलरीत तीन फूट बाय दोन फूट जागा पुरते. खाली जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर जुन्या प्लायवुडचा तुकडा किंवा पत्रा. प्लास्टिकच्या कडा वर वळवून विटांनी दाबा, नाहीतर पहिल्याच दिवशी तुमचा डोंगर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरेल. भिंतीला टेकवून किल्ला केलात तर तीनच बाजू कराव्या लागतात. तिथे भिंतीलाही प्लास्टिक लावा, लाल मातीचा डाग रंग लावल्याशिवाय जात नाही.

वजनाचा अंदाज घ्या. एवढ्या जागेवर दीड फूट उंचीचा डोंगर नुसत्या मातीचा केला तर तो उचलणाराही दमेल आणि गॅलरीलाही ते बरं नाही. म्हणून आत पोकळ सांगाडा आणि वर इंचभर मातीचा थर. त्याला दोन-तीन घमेली माती पुरते.

कोणता किल्ला करायचा

इथे नवखे अडकतात. सगळ्यांना रायगडच सुचतो, आणि रायगड पहिल्या खेपेला अवघड आहे, कारण त्याचा माथा प्रचंड पसरलेला. बाजारपेठ, गंगासागर, टकमक टोक, हिरकणी बुरूज हे सगळं दोन फुटांत कोंबलं की काहीच दिसत नाही.

राजगड त्या मानाने सोपा आणि दिसायला फार देखणा. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाट्या. आकार मनात चटकन बसतो. सुवेळा माचीच्या कातळात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते तुमच्या किल्ल्यात पेन्सिलीने पाडता येतं आणि बघायला येणारं प्रत्येक पोर त्यातून पलीकडे बघतंच.

जागा फारच कमी असेल तर सिंधुदुर्ग घ्या. मालवणच्या समुद्रातल्या कुरटे बेटावर 1664 साली त्याचं काम सुरू झालं. याला डोंगर लागत नाही. एक मोठं ताट किंवा परात, निळा कागद, मध्ये चपटं बेट आणि त्याभोवती नागमोडी तट. वजन नाही, उंची नाही, जेवणाच्या टेबलावरही मावतो.

उभं काही करायचं असेल तर त्र्यंबकजवळचा हरिहर. सरळसोट कातळात कोरलेल्या पायऱ्या हेच त्याचं सगळं. एवढ्या पायऱ्या केल्या की लोक ओळखतात.

तरीही ठरत नसेल तर जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्ले बघा. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यात जिंजी कोणीच करत नाही. तीन वेगळे डोंगर आणि त्यांना जोडणारा तट, म्हणजे तीन भावंडांनी एकेक डोंगर घ्यायला उत्तम.

माझी खरी शिफारस मात्र वेगळी आहे. मनातला किल्ला करा. त्याला नाव द्या. गच्चीगड, पार्किंगदुर्ग, काहीही. मग स्वतःलाच विचारा, या किल्ल्याचं काम काय? तो घाटावर नजर ठेवतो की खाडीच्या तोंडावर? किल्लेदार कोण? धान्य कुठे ठेवतात? शत्रू कुठल्या बाजूने येईल? नकाशावरून केलेल्या किल्ल्यात या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. मनातल्या किल्ल्यात ती तुम्हाला द्यावी लागतात, आणि प्रत्येक उत्तराबरोबर डोंगराचा आकार बदलतो.

सांगाडा, आणि सह्याद्री शंकूसारखा का नसतो

लहान मुलांना डोंगर काढायला सांगितला की ती त्रिकोण काढतात. मोठी माणसंही मातीचा ढीग करतात आणि वर किल्ला ठेवतात. तो किल्ला कधीच खरा वाटत नाही. कारण सह्याद्रीतले डोंगर तसे नाहीत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. काही थर कठीण, काही त्या मानाने ठिसूळ. ऊन-पावसाने ठिसूळ थर झिजून उतरते झाले आणि कठीण थरांचे उभे कडे राहिले. म्हणून कुठलाही गड लांबून पाहिला की कडा, मग उतार, मग सपाटी, पुन्हा कडा असा टप्प्याटप्प्याने वर जातो. माची म्हणजे त्यातली मधली सपाटी आणि बालेकिल्ला म्हणजे वरचा शेवटचा टप्पा. बांधणाऱ्यांनी कड्यांना तट मानलं आणि जिथे कडा तुटतो तिथेच दगडी तट घातला. आयता मिळालेला डोंगर त्यांनी पुरेपूर वापरला.

तुम्हालाही तेच करायचंय. सांगाडा टप्प्यांचा करा. खाली विटा आणि दगडांचा रुंद थर, त्यावर लहान थर, त्यावर आणखी लहान. विटा नसतील तर बुटांचे खोके चालतात, पण आत वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरा आणि बाहेरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. ओलं झालेलं खोकं रात्रीत बसतं आणि सकाळी बालेकिल्ला माचीवर आलेला असतो. थर्माकोल टाळा, नंतर त्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

थर एकमेकांच्या बरोबर मध्यावर ठेवू नका. एका बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे एकीकडे उभा कडा आणि दुसरीकडे पायऱ्या-पायऱ्यांचा उतार आपोआप होतो. एखादा लांबट दगड बाहेर काढून सोंड करा. दोन पावलं मागे जाऊन बघा, मग बसून बघा, मुंगी जिथून बघेल तिथूनही बघा. आवडलं नाही तर पाडा. या वेळी पाडायला दोन मिनिटं लागतात. माती लागल्यावर जीवावर येतं.

सांगाडा मनासारखा झाला की जुनं गोणपाट घ्या. पातळ चिखल कालवा, धिरड्याच्या पिठाइतका. त्यात गोणपाट बुडवून सांगाड्यावर पांघरा. पांघरताना ते ताणू नका. पडलेल्या चुण्या म्हणजे घळी आणि ओहोळ, त्या बोटांनी थोड्या खोल करा. मी तर म्हणेन की किल्ल्याचं निम्मं सौंदर्य या चुण्यांमध्ये आहे आणि त्या ठरवून करता येत नाहीत.

माती

लाल माती किंवा पोयटा चांगला. नर्सरीत गोणीने मिळतो, बांधकामाजवळ मुरूम मिळतो, विचारून घ्या. काळी माती टाळा. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून मोठ्या भेगा पाडते. शेतात उन्हाळ्यात त्या भेगा पाहिल्या असतीलच.

माती चाळा. खडे बाजूला ठेवा, तटासाठी लागतील. चाळलेल्या मातीत साधारण चौथा हिस्सा बारीक वाळू आणि मिळाला तर मूठभर भुसा किंवा भाताचं तूस मिसळा. वाळूमुळे माती कमी आकसते, भुशामुळे धरून राहते. गावाकडे शेण घालतात तेही याचसाठी. शहरात शेण मिळालं तर घाला, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

पाणी थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा राहतो आणि बोटांना फार चिकटत नाही, तिथे थांबा. मग खालून वर थापत जा. वरून सुरुवात केलीत तर खालचं थापताना वरचं घसरतं.

कडे करायला जुनी पट्टी किंवा पत्र्याचा तुकडा घ्या आणि ओल्या मातीवर वरून खाली ओरबाडा. त्यावर कोळशाची पूड बोटांनी चोळली की कातळ दिसायला लागतो. इस्त्रीवाल्याकडे कोळसा मिळतो. उताराला हात लावू नका, तिथे अळीव पेरायचेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेगा दिसतील. त्या पडतातच. इथे दोन रस्ते आहेत. पातळ चिखल भरून बुजवा, किंवा भेग बघून ठरवा की ही घळ आहे, ही वाट आहे, इथून पाणी वाहतं. ऑफिसातल्या कामात भेग म्हणजे चूक असते आणि ती कोणाच्या तरी नावावर लागते. इथे ती कोणाच्याच नावावर लागत नाही, त्यामुळे तिच्याकडे शांतपणे बघता येतं. किल्ला करणाऱ्या मोठ्या माणसांना पहिल्यांदा गंमत वाटायला लागते ती मी पाहिलंय तितकं याच टप्प्यावर. तोवर ती जरा लाजत असतात.

तट, दरवाजा, पाणी

तटासाठी मातीच्या बोटभर जाड वळ्या करून कड्याच्या काठाकाठाने बसवा. सरळ रेषेत घालू नका, डोंगराची कड जिथे वळते तिथे तट वळतो. टोकाला आणि वळणावर गोल बुरूज. चाळताना निघालेले खडे तटावर बाहेरून दाबून बसवले की दगडी बांधकाम वाटतं. ओलेपणीच सुरीने वर खाचा पाडा, त्या पाकळ्यांना चर्या म्हणतात. तटातली तिरकी भोकं म्हणजे जंग्या, त्यातून बंदुका रोखायच्या. ती टूथपिकने पाडा. तटाच्या आतल्या अंगाला माणूस चालेल एवढी सपाटी ठेवा, तिला फांजी म्हणतात. ती विसरलात तर तुमचे पहारेकरी उभे कुठे राहणार?

दरवाजा हा किल्ल्याचा सगळ्यात डोकेबाज भाग, आणि बहुतेक दिवाळीच्या किल्ल्यांत तो सगळ्यात चुकीचा असतो. समोरासमोर मोठी कमान, त्यावर "प्रवेशद्वार" लिहिलेलं. शिवकाळातल्या गडांचे दरवाजे असे नसतात. रायगडाचा महादरवाजा घ्या. दोन बुरूज एकमेकांना मिठी मारायला निघाल्यासारखे पुढे आलेले आणि दरवाजा त्यांच्या आड. खालून येणाऱ्याला तो दिसतच नाही. वळण घेऊन आत शिरावं, तर दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून मारा होतो, आणि हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच उरत नाही. या रचनेला गोमुखी म्हणतात. सिंधुदुर्गाचा दरवाजाही असाच तटाच्या वळणात लपलेला, मालवणच्या किनाऱ्याच्या बाजूला.

हे करायला अवघड नाही. तटाची दोन टोकं समोरासमोर जुळवण्याऐवजी एक टोक बाहेरून आणि दुसरं आतून न्या, मधल्या बोळात आगपेटीची कमान बसवा. मग पाहुण्यांना विचारा, "दरवाजा कुठंय सांगा." ज्याला पटकन सापडेल त्याच्यापासून किल्ला धोक्यात आहे असं समजून बुरूज आणखी पुढे आणा.

वाट दरवाजापर्यंत सरळ नेऊ नका. शेवटच्या टप्प्यात ती तटाच्या खालून, वरच्या पहारेकऱ्याच्या नजरेखालून गेली पाहिजे. काडेपेटीच्या काड्या दाबून पायऱ्या करा.

पाणी बहुतेक जण शेवटी आठवतात. गडावर पाणी नसेल तर गड टिकत नाही, म्हणून जवळपास प्रत्येक गडावर कातळात खोदलेली टाकी असतात. सिंधुदुर्गाच्या आत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तुमच्या किल्ल्यात बाटलीची झाकणं मातीत काठापर्यंत रुतवा आणि पाणी भरा. नुसता खड्डा केलात तर माती पाणी पिते आणि आतून खचते.

एकदा हातांनी दरवाजा आणि टाकं बसवलं की पुढच्या ट्रेकला माणूस बदललेला असतो. गडावर पोचल्याबरोबर सेल्फीची जागा न शोधता तो टाकी कुठे आहेत ते बघतो. याचा पगारवाढीशी काही संबंध नाही.

अळीव

किल्ला हिरवा करायला मोहरी, गहू, नाचणी काहीही चालतं, पण उतारावर अळीवच. काही घरांत हळीव म्हणतात. हे बी पाण्यात पडलं की त्याभोवती बुळबुळीत थर तयार होतो आणि ते उभ्या मातीलाही चिकटून राहतं. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते आणि मग डोंगर बोडका, पायथ्याला जंगल.

वाण्याकडून पन्नास ग्रॅम घ्या, त्यातलेही उरतील. माती ओली असतानाच भुरभुरा, मुठीने टाकू नका, चिमटीने. सगळीकडे सारखे टाकायचीही गरज नाही. घळीत आणि उत्तरेच्या उतारावर दाट, कड्यावर अजिबात नाही. वरून माती घालायची नाही. स्प्रेच्या बाटलीने दिवसातून दोन-तीनदा पाणी मारा. तांब्याने ओतलंत तर तट वाहून जातो. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं किंवा वर्तमानपत्र अलगद टाकून ठेवा.

दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्याच्या आत दाट हिरवळ होते. म्हणून वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी डोंगर पूर्ण करून पेरणी उरका, म्हणजे लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवा असतो. परदेशात, थंडीत करणाऱ्यांनी चार दिवस आधी पेरावं आणि किल्ला घरात, खिडकीजवळ ठेवावा. तिथे कुंड्यांसाठी मिळणारी हलकी माती एकटी वापरू नका, ती थापली जात नाही. वाळू आणि कुठलीही चिकणमाती मिसळा.

उजेड एकाच बाजूने येत असेल तर सगळे अळीव तिकडे माना वळवतात. वाऱ्याची दिशा म्हणून खपवा.

चित्रं

किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना आमच्याकडे चित्रं म्हणतात. महाराज सिंहासनावर, मावळे, तोफा, गवळण, शेतकरी, वाघ. दिवाळीआधी कुंभारवाड्यात मिळतात. शाडूची किंवा मातीची घ्या. महाराज आणि चार मावळे विकत घेऊन बाकीचं स्वतः करा. तोफेला पेनाचं टोपण, घोड्याला तारेचा सांगाडा आणि वर कागदाचा लगदा. तुमचा घोडा कुत्र्यासारखा दिसेल. तो गडावरचा कुत्रा.

आकाराच्या प्रमाणाचा फार विचार करू नका. मावळा दरवाजापेक्षा उंच असतोच, ही परंपरा आहे. पायथ्याशी गाव असतं, गावात कुठून तरी ट्रॅफिक पोलीस येतो, डायनॉसॉर येतो, क्रिकेटचा अंपायर येतो. शेजारची पोरं आणून ठेवतात. ठेवू द्या. मोठ्यांच्या किल्ल्याला इथेच धोका असतो, कारण तोवर आपण राजगडाच्या नेढ्यापर्यंत पोचलेलो असतो आणि डायनॉसॉर खुपतो. त्याला संजीवनी माचीवर पहाऱ्याला उभं करा, म्हणजे प्रश्न मिटतो.

घरातलं मूल मदतीला असेल तर पूर्ण एक माची त्याच्या नावावर करा आणि तिकडे हात लावू नका. "असं नाही, असं कर" हे वाक्य तोंडात आलं की पाणी प्यायला आत जा.

पणत्या लावायच्या तर सपाट, मोकळ्या मातीवर, गोणपाटाची दशी बाहेर आलेली नाही ना ते बघून. विजेच्या माळा किल्ल्यावर सोडू नका, रोज पाणी मारायचंय.

रोजचा अर्धा तास

दिवाळीच्या दिवसांत रोज एकच नवी गोष्ट करा. एक दिवस वाट, एक दिवस भुयार, एक दिवस पायथ्याचं देऊळ. सगळं रविवारीच संपवलं की सोमवारपासून तो नुसता बघायचा किल्ला होतो. ढासळलेला बुरूज दुरुस्त करण्यातही एक संध्याकाळ छान जाते. "आज काय केलंस?" याला "तोफखाना हलवला" हे उत्तर देताना घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

कोणीतरी विचारेलच, याचा उपयोग काय. उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. ताण कमी होतो, एकाग्रता वाढते, अशी उत्तरं देता येतात आणि ती कदाचित खरीही असतील. पण ती दिली की किल्ला औषध होतो, मग डोस चुकला की अपराधी वाटतं. त्या माणसाच्या हातात स्प्रेची बाटली द्या.

मोडणं

बऱ्याच घरी किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. तोवर अळीव उंच होऊन पिवळे पडलेले, आडवे झालेले असतात, तट दोन-तीन ठिकाणी बसलेला असतो. आणखी आठ दिवस ठेवावा असं वाटेल. ठेवू नका. चिलटं होतात, आणि पडीक किल्ला बघत बसण्यापेक्षा आपल्या हातांनी मोडलेला बरा. गोव्यात याच दिवाळीत पोरं रात्री जागून नरकासुर उभारतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळून टाकतात. कोणी त्यांना "एवढी मेहनत वाया गेली" म्हणत नाही.

मोडताना घाई करू नका, कारण आत काय झालंय ते आत्ताच कळतं. कुठला खोका बसला, कुठे पाणी मुरलं, गोणपाटाने कुठे माती धरली आणि कुठे सोडली. पुढच्या वर्षीचा डोंगर इथेच सुचतो. तोफा डागून आक्रमण करायचं काम मुलांना द्या, ती आनंदाने करतात.

चित्रं ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून खोक्यात ठेवा. विटा ज्यांच्या त्यांना परत. उरलेले अळीव नारळ-गुळाबरोबर लाडवांत जातील, थंडी येतेच आहे. माती पसरून पूर्ण वाळवा, मुळं आणि काड्या चाळून काढा आणि गोणीत भरून तोंड बांधा. गोणीवर ठळक अक्षरांत "किल्ल्याची माती" लिहा आणि खाली फ्लॅट नंबर टाका, नाहीतर संक्रांतीपर्यंत ती सोसायटीच्या कुंड्यांत गेलेली असते.